पायरीवरच्या दोन बादल्या

बार्नाबे शासां माझ्याशी पहिल्यांदा बोलला तो भांडायला, आणि पुढची तेवीस वर्षं आम्ही तेच भांडण चालू ठेवलं. मी तेव्हा पॅरिसात बुजल्या विहिरीच्या गल्लीत अकरा नंबरच्या घराची दारवाली होते. सहा मजले, एकशे चार पायऱ्या, आणि त्या सगळ्या मी रोज सकाळी गुडघ्यांवर बसून घासायची. घासून कंबर सरळ करते न करते तोच हा गडी खांद्यावर कावड घेऊन दारात हजर. दोन बादल्या, त्यांच्या मधे त्या पायाला लागू नयेत म्हणून लाकडी कडं, आणि तरीही दर तिसऱ्या पायरीवर पाणी.

"पायऱ्या!" मी ओरडायची.

तो बादल्या उंबऱ्याबाहेर ठेवायचा, दाराच्या आत यायचा आणि पेंढ्याच्या पायपुसण्यावर लाकडी जोडे घासायचा. उजवा तीनदा, डावा तीनदा. मग बादल्या उचलून वर जायचा आणि होतं तेवढंच सांडायचा. पाणी बादलीतून सांडतं, जोड्यांतून नाही, हे त्यालाही कळत होतं आणि मलाही. पण मी ओरडले की तो जोडे पुसायचा आणि त्यानं पुसले की माझं समाधान व्हायचं. असं तेवीस वर्षं चाललं. आता लिहिताना वेडेपणा वाटतो, तेव्हा वाटत नव्हता.

तो ओव्हेर्न्यच्या डोंगरातला. तिकडची जमीन सगळ्या भावांना पोसत नाही, म्हणून पुरुष पॅरिसला येऊन पाणी वाहतात आणि बायका गावी गाई सांभाळतात. बार्नाबे सोळाव्या वर्षी काकाबरोबर चालत आला. लग्न गावातच झालं, फिलोमेनशी, आणि लग्नानंतर दोन महिन्यांनी तो परत कावडीखाली. दर तीन-चार वर्षांनी हिवाळ्यात घरी जायचा, येताना चेस्टनटची पिशवी आणायचा आणि त्यातली अर्धी माझ्या टेबलावर न बोलता ठेवायचा. एक मूल झालं होतं, ते पाळण्यातच गेलं. त्याला ते सहा आठवड्यांनी कळलं, माझ्याकडून.

माझ्याकडून, कारण त्याला वाचता येत नव्हतं. फिलोमेनलाही येत नव्हतं. तिची पत्रं गावचा पाद्री लिहायचा आणि मी वाचून दाखवायची, ह्याची मी लिहायची आणि पाद्री तिला वाचून दाखवायचा. त्या दोघांचा संसार माझ्या आणि एका म्हाताऱ्या पाद्र्याच्या अक्षरात झाला असं म्हटलं तरी चालेल. "गाय व्याली का विचारा," तो सांगायचा. मी लिहायची, "तुझी फार आठवण येते. गाय व्याली का?" पहिलं वाक्य माझं असायचं. त्यानं कधी हरकत घेतली नाही, कारण मी ते वाचून दाखवत नसे.

एकदाच मी त्याच्यावर ओरडले नाही. पटकीच्या वर्षी. माझा नवरा दोन दिवसांत गेला, आणि घरात पाऊल टाकायला कोणी तयार नव्हतं. बार्नाबे न बोलावता आला. नवऱ्याला धुवायला पाणी, खोली धुवायला पाणी, चादरींना पाणी, दिवसभर तो फक्त वर-खाली करत राहिला. जाताना त्यानं स्वतःच जिना पुसला. त्याबद्दल आम्ही पुढे कधीच बोललो नाही. दुसऱ्या दिवशी तो आला तेव्हा मी "पायऱ्या!" म्हणून ओरडले, आणि मला वाटतं त्याला बरं वाटलं.

मग शहर फुटायला लागलं. एकेक गल्ली नकाशावरून पुसून तिथून रुंद, सरळ, झाडं लावलेले रस्ते काढायचे असं वर कोणीतरी ठरवलं होतं. आणि नव्या घरांत प्रत्येक मजल्यावर नळ. बार्नाबे पाणी द्यायचा ती घरं एकेक करून गेली. आधी मधल्या रस्त्यावरची, मग नदीकडची. जी उरली ती सोडून गावी गेलं तर दुसरा कोणी धरून बसेल, म्हणून तो जाईना. "पुढच्या वर्षी," मी लिहायची. अशी नऊ वर्षं गेली. छप्पन्न वय झालं, पाठ पुढे वाकली, आणि एका फेब्रुवारीत आमच्या दारावरही कागद चिकटला. अकरा नंबर आणि समोरची सगळी ओळ एप्रिलच्या शेवटी पाडणार.

"संपलं," बार्नाबे म्हणाला. "लिहा तिला. कायमचा येतोय म्हणावं."

मी लिहिलं. उत्तर आलं ते असं:

"नऊ वर्षं झाली. इथं लोक म्हणतात शासांने तिकडे दुसरी चूल मांडली. मी लोकांचं ऐकत नाही, पण त्यांची तोंडं मला बंद करता येत नाहीत. कायमचा येतोस म्हणतोस, तर कोण येतंय ते आधी मला बघू दे. फोटो पाठव. पण आमच्या गावच्या गवंड्याने पॅरिसहून पाठवला तसला नको. तो संगमरवरी खांबाला टेकून उभा होता. खांब फोटोवाल्याचा, कोट फोटोवाल्याचा, आणि गावी आला तेव्हा अंगात धड सदरा नव्हता. तू जिथं राबतोस तिथं उभा राहा, बादल्यांसकट. तो बघून मी ठरवीन. जूनमधल्या सँ-झाँच्या सणापर्यंत काही आलं नाही तर घर बहिणीच्या मुलाला देऊन मी तिच्याकडे राहायला जाते."

मी कागद खाली ठेवला. बार्नाबे टोपी हातात फिरवत होता.

"रस्त्यात उभं करून फोटो कोण काढणार माझा?" तो म्हणाला. "मी काय पूल आहे?"

पण तसा माणूस होता. पाडायच्या गल्ल्या पाडण्यापूर्वी काचेवर उतरवून ठेवायला नगरपालिकेने फोटोवाले नेमले होते, आणि आमच्या भागात मस्यू दव्हीन म्हणून एक जण हातगाडीवर पेटी, काचा आणि काळा तंबू घेऊन फिरत होता. अक्रोड सोलणाऱ्या बाईची असतात तशी त्याची बोटं काळी. काच ओली असतानाच फोटो घ्यायचा आणि लगेच धुवायचा, म्हणून त्याला सारखं पाणी लागायचं. बार्नाबेने चार दिवस त्याच्या गाडीला फुकट पाणी घातलं आणि पाचव्या दिवशी विचारलं.

"मला माणसं नकोत," दव्हीन म्हणाला. "नगरपालिकेला रस्ते हवेत, माणसं नाहीत."

"मी कुठं माणूस? मी पाणीवाला."

दव्हीन हसला. "हललात, तर दिसणार नाही. वीस मोजेपर्यंत दगडासारखं उभं राहायचं. तुमच्या गल्लीला एकच काच आहे माझ्याकडे. अजून सात गल्ल्या उरल्यात, आणि ऊन तुमच्या इथे जेमतेम अर्धा तास उतरतं. चुकलं तर चुकलं."

फोटोच्या आदल्या दिवशी आम्ही आमच्या चौकात सराव केला. मी मोजणार, तो उभा राहणार. पाचाला डावीकडे कलला, नवाला पुढे.

"अरे, उभा राहा म्हटलं, डुलू नकोस! दोरीवर घातलेला सदरा आहेस का?"

"ओझं नसलं की मला उभंच राहता येत नाही, बाई."

"चाळीस वर्षं पायावर काढलीस आणि उभं राहता येत नाही म्हणतोस?"

"चालत काढली. उभं कोण राहू देत होतं? थांबलो की तुम्ही ओरडायच्या."

वरच्या मजल्यावरच्या दोन बायका खिडकीतून हसत होत्या. त्यांना हसू दे म्हटलं. शेवटी मी त्याच्या खांद्यावर रिकामी कावड ठेवली, हात तिच्यावर टेकवले, आणि मग कुठे तो स्थिर झाला. वीस मोजले, पापणीसुद्धा हलली नाही. मी त्याच्याकडे इतका वेळ कधी सरळ पाहिलं नव्हतं. त्याच्या कपाळावर टोपीचा वळ होता, आणि भुवया पांढऱ्या झाल्या होत्या. मला त्या झाल्याचं कळलंच नव्हतं.

"जमलं," तो म्हणाला. "आता मला घर आहे."

मी त्याला सूप प्यायला थांब म्हटलं, तो थांबला नाही.

दुसऱ्या दिवशी अकरापर्यंत ढग होते. मी नेहमीप्रमाणे वरून जिना घासत खाली येत होते. पाडायच्या घराचा जिना घासणारी बाई म्हणून शेजारीपाजारी मला हसत, पण काम हातातून सुटत नाही. शेवटच्या पायऱ्यांवर होते तेव्हा एकदम दारात ऊन पडलं, आणि बाहेर दव्हीनचा आवाज आला. "आता! एक... दोन..."

मी उठून दारात आले. माझ्या नुकत्याच पुसलेल्या उंबऱ्याच्या पायरीवर दोन ओल्या बादल्या होत्या आणि त्यांच्याभोवती पाण्याचं तळं. त्यांच्याशेजारी बार्नाबे, खांद्यावर कावड, हनुवटी वर, नवऱ्या मुलासारखा.

"पायऱ्या!" मी ओरडले.

तो हलला. विचार न करता. माझ्या अंगाला घासून आत आला, पायपुसण्यावर उभा राहिला आणि उजवा जोडा घासायला लागला. एकदा, दोनदा. तिसऱ्यांदा घासताना त्याचा पाय थांबला.

मी दारात कमरेवर हात ठेवून जशी होते तशीच खिळले. समोर पितळी डोळ्याची पेटी माझ्याकडे बघत होती. दव्हीन मोजत होता. सात, आठ, नऊ. मला श्वाससुद्धा घेता येईना. वीस झाल्यावर त्यानं झाकण लावलं आणि काच घेऊन तंबूत शिरला.

मी सगळ्यांना सांगितलं की मोजल्याचं मला ऐकू आलं नाही. दव्हीनला सांगितलं, वरच्या बायकांना सांगितलं, पापनिवेदनाला गेले तेव्हा तिथंही सांगितलं. ऐकू आलं होतं. एक आणि दोन, दोन्ही नीट ऐकू आले होते. मला तो जायला नको होता. एवढंच. तेवीस वर्षांत हे वाक्य मी मनातसुद्धा कधी सरळ म्हटलं नव्हतं, आणि त्या सकाळी म्हणायला गेले तर तोंडातून ते "पायऱ्या" होऊन बाहेर पडलं.

बार्नाबे रागावला असता तर बरं झालं असतं. "सवय, बाई," तो म्हणाला. "तुमचीही आणि माझीही." मग बादल्या उचलून दव्हीनच्या काचेला पाणी घालायला गेला.

दव्हीन तंबूतून बाहेर आला, काच उजेडाकडे धरली आणि भुवया उडवल्या. "तुम्ही पूर्ण गायब. दोन आकड्यांत काय उमटणार! बादल्या मस्त आल्यात. आणि बाई तर फारच सुरेख आल्यात, एखाद्या सेनापतीसारख्या."

पंधरा दिवसांनी त्यानं कागदावरची प्रत पाठवली. तोवर समोरच्या ओळीची छपरं उतरवली होती, आणि आमच्या सूपच्या वाडग्यात रोज चुन्याची धूळ पडत होती. फोटोत मात्र ती छपरं होती. गल्लीचे दगड, गटाराची रेघ, कोपऱ्यावरचा कारंजा. अकरा नंबरचं दार, पायरीवर दोन बादल्या, आणि दारात मी. एप्रनवरचे डागसुद्धा दिसत होते. बाकी संपूर्ण गल्ली रिकामी.

"हाच पाठवू," बार्नाबे म्हणाला.

"ह्यात तू नाहीस, अरे! ती काय म्हणेल?"

"बादल्या आहेत. तिच्या भावानं बनवलेल्या, त्याची खूण आहे कड्यावर. ओळखेल ती. लिहा, मी कुठं आहे ते. म्हणावं, दाराच्या आत आहे. जोडे पुसतोय."

"आणि दारवालीनं ओरडून घोटाळा केला तेही लिहिते."

"नको. तिला वाटेल तुम्ही कजाग आहात."

"आहेच मी."

"आहातच," तो म्हणाला. "पण तिला कशाला कळवायचं?"

मी सगळं लिहिलं, माझ्या ओरडण्यासकट. एक आणि दोन ऐकू आले होते, तेवढं सोडून. आणि पहिल्यांदाच "तुझी फार आठवण येते" लिहिलं नाही. लिहवेना.

उत्तर मेच्या शेवटी आलं. मला तोवर तळमजल्याच्या मागच्या खोलीत राहू दिलं होतं. वरचे चार मजले उतरवले होते, आणि माझा जिना दुसऱ्या मजल्यावरून सरळ आभाळात जात होता. बार्नाबे माझ्या समोर उभा राहिला, मी चष्मा लावला आणि वाचायला लागले.

"फोटो खिडकीशी नेऊन बघितला. बादल्या माझ्या भावाच्या, त्यात शंका नाही. तू त्यात नाहीस, त्याचं मला नवल वाटलं नाही. माझ्या घरातही इतकी वर्षं तुझ्या वस्तू आहेत आणि तू नाहीस. तू खोटा खांब पाठवला नाहीस, एवढं मला पुरे. दार उघडं आहे. ये."

मी पान उलटलं. मागे पाद्र्याच्या अक्षरात आणखी होतं. ते मी मनात वाचलं.

"हे दारातल्या बाईंसाठी. बाई, तेवीस वर्षं तुमचं अक्षर आमच्या घरी येतं. पाद्रीबाबा वाचून दाखवताना मला नेहमी वाटायचं, हे आठवण येते वगैरे माझ्या माणसाचं बोलणं नाही. आता तुमचं तोंड बघितलं. कमरेवर हात ठेवून अशी बाई परक्या माणसावर ओरडत नाही, मला कळतं, मीही ओरडणाऱ्यांतली आहे. तुम्हाला तो ठेवून घ्यायचा असेल तर तसं त्याला सांगा. मी भांडायला येणार नाही, आता मला एवढं चालवतही नाही. ठेवायचा नसेल तर पाठवून द्या. मधे लटकवू नका."

मी पत्राची घडी घातली.

"एवढंच?" बार्नाबेने विचारलं.

"एवढंच. दार उघडं आहे, ये म्हणते."

"कागद तर मागूनही भरलेला दिसतोय."

"पाद्र्याचं वय झालंय. अक्षर मोठं काढतो."

तो माझ्याकडे बघत उभा राहिला. खांद्यावर कावड नव्हती, हातात काही नव्हतं. मी मनात मोजायला लागले. पाचाला तो कलला नाही, नवालाही नाही. वीस झाले तरी तो तसाच उभा होता, आणि माझ्या जिभेवर जे होतं ते मी बाहेर येऊ दिलं नाही. एकदा मी त्याचं घर ओरडून मोडायला निघाले होते. ते त्या बाईनं आपणहून सावरलं होतं, आणि वर मलाच विचारत होती. तिच्यापुढे मला माझी लाज वाटली. त्याला "राहा" म्हणावं असं मला त्या क्षणी जितकं वाटलं तितकं आयुष्यात काही वाटलं नाही.

"बरं," तो शेवटी म्हणाला. दाराशी गेला, पायपुसण्यावर थांबला आणि जोडे पुसले. बाहेर जाताना. बाहेर नुसती धूळ आणि दगडांचे ढीग.

शनिवारी तो आगगाडीने गेला. बादल्या न्यायला सांगितल्या तर म्हणाला, तिकडे झरा घरामागेच आहे, ह्या राहू द्या.

मी आता नव्या रुंद रस्त्यावर दारवाली आहे. जिन्यावर गालिचा आहे, पाणी नळाने वर चढतं, आणि कोणी कधी थेंबभरही सांडत नाही. बादल्या माझ्या पलंगाखाली आहेत. फोटोची प्रत एकच होती, ती तिकडे गेली. माझा आयुष्यात निघालेला तो एकच फोटो. चुलीवरच्या भिंतीला लावलाय असं पाद्र्यानं ह्या वर्षी कळवलं. खाली फिलोमेनचा निरोप आहे. "तो झऱ्यावरून पाणी आणताना सगळ्या घरात सांडतो, आणि मी ओरडले की दाराशी जाऊन जोडे पुसत बसतो. तुम्ही हे इतकी वर्षं कसं सोसलंत?" असं ती विचारते.

पत्र येऊन दोन महिने झाले. मी रोज उत्तर लिहायला कागद काढते आणि परत ठेवते.